तुळजापूरच्या कवडीवरून मालीपर्यंत: जुन्या व्यापाराचा नकाशा घरी कसा काढायचा

मध्ययुगातला व्यापार म्हटलं की पोरं एकच करतात, जगाच्या नकाशावर चीनपासून इटलीपर्यंत एक जाड लाल रेघ मारायची, वर रेशीम मार्ग लिहायचं, खाली समुद्रातून दुसरी निळी रेघ, झालं काम. परीक्षेत दोन मार्क पडतात पण कळत काहीच नाही, कारण त्या रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ कुणीच जात नव्हतं. माल जायचा, माणसं आपापला टप्पा करून माघारी फिरायची. म्हणून माझ्याकडं येणाऱ्यांना (आमच्याकडं एमपीएससीवाले लई) मी सांगतो, राजे बाजूला ठेवा, एक वस्तू धरा आणि ती कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली, कुठं थांबली, कुठं काय भावानं विकली ते काढा. एका वस्तूचा एक नकाशा. ते कसं करायचं ते खाली सांगायलो.

वस्तू घेऊ कवडी. आपल्याकडं ती शोधायला जावं लागत नाही, तुळजापूरला देवळाच्या वाटेवर माळांचे ढीग लागलेले असतात, आराध्याच्या गळ्यात असते, लमाण तांड्यावर बायकांच्या कपड्यांवर शिवलेली असते. एक विकत घ्या, छोटी, पिवळसर पांढरी, पाठीवर उंचवटे असलेली बघून घ्या. मोठ्या ठिपक्यांच्या कवड्या वेगळ्या जातीच्या, त्या आपल्या कामाच्या नाहीत. आज दुकानात येणारी कवडी कुठल्या समुद्रातली हे दुकानदारालाही माहीत नसतं, तो नाद सोडून द्या, आपल्याला माग काढायचाय तो सहासातशे वर्षांपूर्वीच्या कवडीचा.

सामान फार नाही. आफ्रिका, युरोप, आशिया तिन्ही येतील असा कोरा नकाशा, पण असा की हिंदी महासागर मधोमध येईल. शाळेच्या दुकानात मिळणाऱ्या जगाच्या नकाशात कधीकधी अटलांटिक मधी येतो आणि आपला सगळा खेळ कडेला ढकलला जातो. पेन्सिल, दोन रंगाचे पेन, मराठी महिने असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर (हे का ते पुढं येईल), आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर.

सुरू करायच्या आधी एक नियम पक्का करून घ्या. जिथं कुणीतरी डोळ्यानं बघून लिहून ठेवलंय किंवा जमिनीतून वस्तू निघालीय तिथं सलग रेघ. जिथं आपण अंदाज बांधतोय तिथं तुटक रेघ. हा नियम मोडला की नकाशा व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डसारखा दिसायला लागतो, सगळं सगळ्याला जोडलेलं आणि पुरावा कशालाच नाही.

पहिला ठिपका: मालदीव

कवडीचा उगम मालदीव बेटांवर. इथं आपला साक्षीदार आहे इब्न बतूता, मोरोक्कोतल्या तांजियरचा माणूस. तो १३४२ मध्ये मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून चीनला जायला दिल्लीहून निघाला, वाटेत आपल्या दौलताबादला आला, पुढं नंदुरबारवरून गुजरातच्या खंबायत बंदराला, मग जहाजानं मलबारला, आणि तिथं सगळं बिनसल्यावर फिरत फिरत मालदीवला पोचला आणि चक्क काझी होऊन बसला. म्हंजे कवडी जिथं निघायची तिथं हा माणूस राहिलाय. तो लिहितो की हे समुद्रातून गोळा केलेले जीव किनाऱ्यावर खड्ड्यात टाकून ठेवतात, मांस कुजून जातं आणि पांढरं कवच उरतं. वासाचा उल्लेख तो करत नाही, पण काय असेल ते तुम्हीच ठरवा.

तिथली मोजणी बघा. शंभर कवड्यांना एक नाव, सातशेला दुसरं, बारा हजाराला कोट्टा, एक लाखाला बुस्तू. चार बुस्तू म्हंजे चार लाख कवड्या दिल्या की एक सोन्याचा दिनार. कधीकधी भाव पडला की दहाबारा लाखांना एक. हा आकडा नकाशावर मालदीवच्या बाजूला पेनानं लिहा, बारीक अक्षरात, कारण अजून एक आकडा पुढं येणाराय आणि दोघांचा भागाकार करायचाय.

इथून दोन रेघा निघतात आणि दोन्ही सलग. एक बंगालकडं. बंगालात कवडी नाणं म्हणून चालायची, मालदीवचे लोक कवड्या देऊन तिकडून तांदूळ आणायचे, कारण बेटावर तांदूळ पिकत नाही. दुसरी येमेनकडं. येमेनवाले परतीच्या जहाजात वाळूच्या जागी कवड्या भरायचे. जहाज रिकामं असलं तर लाटेत कलतं, म्हणून तळाला वजन लागतं. आता वजन न्यायचंच आहे तर वाळू कशाला, जे पलीकडं विकलं जाईल ते न्या. कवडीला भाडं जवळजवळ पडतच नाही म्हणून इतकी हलक्या किमतीची वस्तू इतक्या लांब जाऊ शकली. नकाशा काढताना प्रत्येक वस्तूला हा प्रश्न विचाराच की जहाजात ती वर होती का तळाला.

कॅलेंडर काढा

आता वारा. हे न करता जो कुणी हिंदी महासागरावर रेघ मारतो त्याची रेघ मी खोडायला लावतो. आपला पावसाळा आणि त्यांचं वेळापत्रक एकच आहे. मृगापासून ऐन श्रावणापर्यंत नैऋत्येचा वारा इतका दांडगा असतो की पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं बंद. नारळी पौर्णिमेनंतर कोकणातले कोळी समुद्रात उतरतात ना, तेच गणित. एडनहून (येमेनचं बंदर) भारताकडं येणारी जहाजं या वाऱ्याचा शेवटचा भाग धरायची, म्हंजे साधारण पोळ्याच्या आसपास तिकडून निघायचं आणि दसऱ्याच्या सुमाराला इकडं टेकायचं. दिवाळीनंतर वारा फिरतो, ईशान्येकडून वाहायला लागतो, मग परतीची जहाजं सुटतात आणि साधारण होळीपर्यंत हे चालतं. प्रत्येक समुद्री रेघेवर मराठी महिना लिहून टाका, पोरांच्या लगेच डोक्यात बसतं, आपल्याकडं तर पेरणीपासून लग्नापर्यंत सगळंच या वाऱ्यावर चालतं.

यातून एक गोष्ट निघते जी पुस्तकात एका ओळीत संपवतात. वारा फिरेपर्यंत व्यापाऱ्याला महिनोन्महिने परक्या बंदरात बसून राहावं लागायचं. मग तिथं घर भाड्यानं घ्यायचं, लग्न करायचं, प्रार्थनेची जागा बांधायची, उधारी वसूल करायची. मंगळूरला अब्राहम बेन यिजू नावाचा मूळचा ट्युनिशियाकडचा ज्यू व्यापारी ११३२ ते ११४९ अशी वर्षं राहिला. त्याचा तिथं पितळेच्या भांड्यांचा कारखाना होता, एका स्थानिक गुलाम बाईला त्यानं मुक्त केलं, आणि एडनच्या मदमून नावाच्या आडत्याशी त्याचा सतत पत्रव्यवहार चालायचा. ही पत्रं वाचली गेली ती कैरोच्या एका सिनेगॉगच्या कोठीमुळं. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही म्हणून तिथं शेकडो वर्षं लोक जुनी कागदपत्रं टाकत राहिले, त्यात हिशोब, भांडणं, यादी सगळं आलं. मदमून एडनहून त्याला काय काय पाठवायचा तर मनुके, आणि कागद. कागद लक्षात ठेवा, तो परत लागणाराय.

आणि पैसा कसा लावायचे? बऱ्याचदा भांडवल एकाचं आणि प्रवास दुसऱ्याचा, नफा आधी ठरलेल्या हिश्श्यानं, जहाज बुडालं तर पैसेवाल्याचे पैसे गेले आणि फिरणाऱ्याची मेहनत गेली. आपल्याकडं बटईनं वावर करतात तसाच व्यवहार, फक्त इथं वावर समुद्रात. अरबांकडं याला किराद म्हणायचे, इटलीतल्या शहरांत जवळपास अशीच पद्धत कोमेंदा नावानं चालायची.

एडनच्या पुढं

एडनपासून लाल समुद्रात वर. ऐदाब नावाच्या बंदरावर माल उतरायचा, तिथून उंटावर वाळवंट ओलांडून नाईलच्या काठी कूसला, तिथून नावेनं कैरो. ही मिऱ्याची आणि मसाल्याची वाट, सलग काढा, पुरावा भरपूर आहे. आपली कवडीही याच वाटेनं गेली असणार, पण तिथं मी तुटक रेघ काढतो. कैरोपासून पश्चिमेला, मग सहाराच्या उत्तर कडेला सिजिलमासा, तीही तुटक. आणि मग वाळवंटात एकदम सलग, कारण तिथं जमिनीनंच साक्ष दिलीय.

मॉरिटानियाच्या वाळवंटात मादेन इजाफेन म्हणून जागा आहे, जवळपास ना गाव ना पाणी. १९६४ मध्ये तेओदोर मोनो नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं तिथं वाळूत पुरलेला एक आख्खा माल शोधला, कुठल्यातरी काफिल्यानं ठेवलेला, बाराव्या शतकाच्या आसपासचा. सुमारे दोन हजार पितळी कांड्या, चटयांत गुंडाळून दोरीनं बांधलेल्या, आणि कवड्या. काफिल्याचे उंट मेले का, पाणी संपलं का, परत येऊन नेऊ म्हणून पुरलं आणि आलेच नाहीत का, कोण सांगणार. पण कवड्या आणि पितळ एका गाठोड्यात दक्षिणेकडं चालले होते एवढं नक्की, आणि नकाशावर तिथं मी फुली मारायला लावतो.

आता परत इब्न बतूता, कारण हा पठ्ठ्या १३५२ मध्ये तिथंही गेला. सिजिलमासाहून फेब्रुवारीत काफिला निघाला, पंचवीस दिवसांनी तगाझा. तगाझाला झाड नावाला नाही, घरं आणि मशीद मिठाच्या लाद्यांची, छपराला उंटाची कातडी. गुलाम जमिनीतून मिठाच्या लाद्या काढतात, एका उंटावर दोन लाद्या. खायला खजूर बाहेरून, धान्य बाहेरून. पुढचा टप्पा तर भयानक, काफिला मधीच थांबतो आणि एक वाटाड्या एकटा पुढं वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या वलाता गावाला पाठवतात, त्यानं जाऊन सांगायचं की लोक येतायत, मग वलाताचे लोक चार दिवसांच्या वाटेवर पाणी घेऊन सामोरे येतात. हा वाटाड्या वाटेत मेला तर मागचा आख्खा काफिला मरू शकतो. इब्न बतूताच्या काफिल्यानं त्याला शंभर मिस्काल सोनं दिलं, मिस्काल म्हंजे साधारण सव्वाचार ग्रॅम, हिशोब करा. आणि तो वाटाड्या कसा, तर एक डोळा गेलेला, दुसरा आजारी, तरी वाट त्यालाच सगळ्यात जास्त माहीत.

पोरांना हे सांगताना मी मुद्दाम विचारतो, मिठाचा भाव कुठं किती? वलाताला एका उंटाचं मीठ आठ ते दहा मिस्काल, माली म्हंजे सहाराच्या दक्षिणेकडचं मोठं राज्य, त्याच्या राजधानीत वीस ते तीस, कधी चाळीस. एकाच मिठाला दोन गावांत तिप्पट चौपट. फरक कशाचा, तर मधल्या वाटेचा.

कॅल्क्युलेटर

मालीत आणि तिकडच्याच गाओ शहरात इब्न बतूता कवड्या चलनात बघतो आणि भाव लिहितो, ११५० कवड्यांना एक सोन्याचा दिनार. आता मालदीवच्या बाजूला लिहिलेला आकडा घ्या, चार लाख भागिले ११५०. उत्तर येतं ३४८ च्या आसपास. मालदीवमधला पडलेला भाव, बारा लाख, घेतला तर हजाराच्या वर जातं.

हे बघून सगळे ओरडतात, सर तीनशे पट नफा! नाही, हळू. इथं थांबून पेन्सिलनं प्रत्येक टप्प्यावर खर्च लिहायचा. पहिलं म्हंजे दोन्हीकडचा दिनार सारख्याच वजनाचा असेल असं धरू नका. मग जहाजाचा मालक, एडनची जकात, लाल समुद्रातली गळती, उंट, उंटवाले, कैरोतला दलाल, तिथली जकात, परत उंट, परत पाणी, वाटाड्याचे मिस्काल, मेलेले उंट, लुटलेला माल, आणि या सगळ्यात अडकून पडलेला पैसा, वर्ष दोन वर्ष. तीनशेतलं एकेका हाताला किती मिळालं? ज्यानं मालदीवला खड्ड्यात कवडी कुजवली त्याला सगळ्यात कमी, हे मात्र डोळे झाकून सांगता येतं. आपल्या मोंढ्यात कापूस घालून आलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

उलटी रेघ

कवडी, मीठ, पितळ, घोडे, कापड दक्षिणेकडं गेलं तर परत काय आलं? हे विचारल्याशिवाय एकही रेघ पूर्ण होत नाही, मी तर नियमच करतो की प्रत्येक रेघेला दोन बाण. मालीकडून उत्तरेला मुख्य दोन गोष्टी. एक सोनं, बांबुक आणि बुरे या भागातलं. दुसरी माणसं. इब्न बतूता परत आला तो ज्या काफिल्यातून, त्यात सहाशे गुलाम बायका होत्या. तो हे मिठाच्या भावासारखंच लिहून जातो, एका ओळीत. तुम्ही नकाशावर लिहाल तेव्हा सोन्याच्या बाणाशेजारी हाही बाण काढा, वगळू नका.

सोन्याचं प्रमाण कळायला १३२४ घ्या. मालीचा राजा मनसा मूसा हजला निघाला आणि कैरोत उतरला, त्यानं आणि त्याच्या लोकांनी इतकं सोनं वाटलं आणि खर्चलं की भाव पडला. अल उमरी नावाच्या अरब लेखकानं नंतर कैरोत चौकशी करून लिहिलंय, आधी एका मिस्काल सोन्याला चांदीचे पंचवीस दिरहमच्या वर मिळायचे, नंतर बावीसच्या खाली आलं आणि बारा वर्षं झाली तरी वर गेलं नाही. आपण टीव्हीवर सोन्याचा भाव बघून लग्नाचं ठरवतो, तेव्हा हे पटायला जड जात नाही.

तिथून युरोप. फ्लोरेन्स आणि जेनोआनं १२५२ मध्ये सोन्याची नाणी पाडायला सुरुवात केली, व्हेनिसनं १२८४ मध्ये डुकाट काढलं, आणि त्या सोन्यातला मोठा वाटा सहारा ओलांडून आलेला. व्हेनिसची जहाजं अलेक्झांड्रियाला जाऊन मिरी घेणार, वर आल्प्स ओलांडून आलेले जर्मन व्यापारी व्हेनिसलाच थांबणार, त्यांच्यासाठी १२२८ पासून उतरायची आणि माल ठेवायची वेगळी इमारतच होती. मंगोलांच्या काळातली मध्य आशियातली खुष्कीची वाट, इराणमधलं तब्रीझ वगैरे, तीही काढा, पण त्यावर पुस्तकांत इतकं लिहिलेलं असतं की मी इथं वेळ घालवत नाही.

सोनं मात्र फसवतं. कवडी कुठंही सापडली तरी कवडीच दिसते, सोनं वितळवलं की ओळख संपली. देवगिरीच्या यादवांच्या खजिन्यात मालीचं सोनं होतं का, असं मला दरवेळी कुणीतरी विचारतं. तिथं रेघ तुटकही काढू नका, नुसतं प्रश्नचिन्ह काढा.

आता घरी या, देवगिरीला

हा भाग घरी बसून करू नका, जाऊन करा. संभाजीनगरहून सकाळी निघायचं, दौलताबाद, घाट, कागजीपुरा, खुलताबाद, एका दिवसात होतं. रविवार टाळा, वेरूळची गर्दी घाटात अडकवते.

किल्ल्यावर सगळे भुयार आणि तोफ बघून खाली येतात. तुम्ही खाली बाजारपेठ कुठं असेल याचा विचार करा. इब्न बतूता इथं आला तेव्हा त्यानं काय काय लिहिलं ते मजेशीर आहे. किल्ल्याच्या कोठड्यांत मांजरांपेक्षा मोठे उंदीर, मांजरंच त्यांना घाबरून पळतात. द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा. गाणाऱ्या बायकांचा तरबाबाद नावाचा बाजार, प्रत्येक दुकानाचं मागचं दार घरात उघडतं, दुकानात गालिचा आणि मधोमध मोठा झोपाळा, त्यात गाणारी बसते. आणि मग आपल्या कामाची ओळ: इथले हिंदू व्यापारी मुख्यतः जवाहिरांचा धंदा करतात, अफाट श्रीमंत आहेत, त्यांना साह म्हणतात, इजिप्तमधल्या कारिमी व्यापाऱ्यांसारखे.

ही ओळ दोनदा वाचा. कारिमी म्हंजे एडन ते कैरो ते अलेक्झांड्रिया हा मसाल्याचा धंदा हातात असलेले बडे व्यापारी, ज्यांच्या मालावरून व्हेनिसवाले भांडायचे. कैरो बघितलेल्या माणसाला दौलताबादचा सावकार बघून तेच आठवले. त्यानं दोघांना एका रांगेत बसवलं, तेव्हा नकाशावर दौलताबादचा ठिपका कैरोएवढा मोठा काढायला मला काही वाटत नाही. मोती त्या काळी कुठं निघायचे? मन्नारच्या आखातात आणि इराणच्या आखातात. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीनं देवगिरीवरून नेलेल्या लुटीत मोती आणि रेशमी कापड सांगतात, तेव्हा लुटीची यादी ही पण व्यापाराचीच यादी म्हणून वाचायची. फक्त फिरिश्तासारखे इतिहासकार तीनशे वर्षांनी लिहितात, त्यांचे मणाचे आकडे नकाशावर चढवू नका.

घाट चढून गेलं की कागजीपुरा. हातकागदाचं गाव, तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी इकडं आणली त्या काळापासूनची परंपरा सांगतात. लगदा, हौद, जाळी, एकेक ताव उचलून वाळवणं, जिथं काम चालू असेल तिथं उभं राहून बघा. आणि मंगळूरच्या बेन यिजूला एडनहून कागद मागवावा लागायचा ते आठवा, बाराव्या शतकात. चीनमधून समरकंद, आठव्या शतकात, तिथून बगदाद, इजिप्त, मोरोक्को, स्पेन आणि तेराव्या शतकात इटलीत फाब्रियानो, ही कागदाची एक वाट. दुसरी वाट इकडं आपल्या घाटावर. दोन्ही वाटा एकाच नकाशावर काढल्या की लक्षात येतं, इथं माल नाही, कसब चालत गेलंय. कसबाच्या रेघेला मी वेगळा रंग देतो. हिमरूचं विणकाम पण तुघलकाबरोबर आलं असं सांगतात, तिथं तुटक रेघ.

खुलताबादला मलिक अंबरची कबर. हा काळानं जरा अलीकडचा, १६२६ ला वारला, पण त्याचं आयुष्य म्हंजे वर सांगितलेल्या गुलामांच्या बाणाचं एक टोक आहे. इथिओपियातला पोरगा, लहानपणीचं नाव चापू, विकला गेला, मोखा, बगदाद असं हातोहात होत दख्खनला आला, अहमदनगरच्या चंगीझखान पेशव्यानं विकत घेतला, जो स्वतः आधी हबशी गुलाम होता. पुढं त्यानं १६१० मध्ये खडकी वसवली, म्हंजे आजचं आपलं संभाजीनगर, आणि त्याची नहर अजून लोकांच्या तोंडात आहे. माणसाचा नकाशा काढायचा असेल तर हा घ्या, पण त्यात कवडीसारखे भाव लिहायला जाऊ नका.

तेरचं काय, असं धाराशिवकडचे विचारतातच. तेरचं लामतुरे संग्रहालय बघाच, हस्तिदंती बाहुली बघा, पण तो काळ सातवाहनांचा, रोमचा. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या टिपणात पैठण आणि तगर (म्हंजेच तेर) येतं, भडोचहून पैठण वीस दिवस, तिथून तगर दहा दिवस पूर्वेला. नाणेघाटातला रांजणही त्याच काळातला. ते सगळं दुसऱ्या कागदावर. हजार वर्षं एका नकाशात कोंबली की गोंधळ होतो.

दुसरी वस्तू घ्यायची तर

घोडा घ्या. आपल्याकडच्या हवेत आणि चाऱ्यावर लढाईचे घोडे नीट टिकत नव्हते, म्हणून दक्षिणेतले राजे दरवर्षी अरबस्तान आणि इराणच्या आखातातून आणायचे. मार्को पोलो लिहितो की मलबारच्या पलीकडं माबारचा (तमिळ किनाऱ्याचा) एक राजा वर्षाला दोन हजारांवर घोडे घेतो आणि वर्षअखेर शंभरही उरत नाहीत, कारण त्यांची निगा राखणारी माणसं नाहीत आणि विकणारे तसली माणसं मुद्दाम येऊ देत नाहीत. आणि आपल्या ठाण्याबद्दल तर तो म्हणतो की तिथल्या राजाचा चाच्यांशी करार होता, लुटीतले घोडे राजाला, बाकीचा माल चाच्यांना. घोड्याच्या नकाशात हा करार ठाण्याच्या ठिपक्याशेजारी लिहा. घोड्याची एक अडचण अशी की तो मरतो, त्याचा पुरावा जमिनीत सापडत नाही, सगळी भिस्त लिहिलेल्यावर. कापूस किंवा मिऱ्यावर काम केलंत तर कैरोजवळच्या फुस्तातमध्ये गुजरातच्या छापील सुती कापडाचे तुकडे निघालेत, तो पुरावा मजबूत आहे.

लिहिलेल्यावर किती भरवसा ठेवायचा? इब्न बतूतानं हे सगळं घरी परत गेल्यावर आठवून सांगितलं आणि १३५५ मध्ये इब्न जुझय्य नावाच्या लेखनिकानं उतरवून पूर्ण केलं. भाव त्याला बरे आठवतात, अंतरं कमी, आणि आपण किती मोठ्या माणसांत बसलो हे जरा जास्तच. म्हणून आकडा त्याचा असला तर बाजूला त्याचं नाव लिहायचं, नुसता आकडा नाही.

आणि एक तारीख जिच्यावर सगळे अडतात, १४९८, वास्को द गामा. गामाचा माणूस कालिकतला उतरला तेव्हा त्याला भेटलेले पहिले दोघे उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिसचे होते आणि त्यांना स्पॅनिश आणि जेनोआची भाषा येत होती. नकाशावर कालिकतपाशी हे लिहून ठेवा, म्हंजे व्यापार गामापासून सुरू झाला असं कुणी म्हणालं की बोट ठेवता येतं.

शाळेत किंवा अभ्यासिकेत करणार असाल तर पाच जणांना पाच ठिकाणी बसवा, मालदीव, एडन, कैरो, सिजिलमासा, वलाता. प्रत्येकानं फक्त आपल्या शेजारच्याशी बोलायचं, पलीकडच्याशी नाही. एडनवाल्यानं कॅलेंडर बघितल्याशिवाय माल सोडायचा नाही, आणि प्रत्येकानं मालातला थोडा हिस्सा आपल्याकडं ठेवून मगच पुढं द्यायचा. दहा मिनिटांत मालदीववाला तक्रार करायला लागतो की माझ्या कवड्यांचं पुढं काय होतंय ते मला कळेना. त्याला सांगू नका, पुस्तकांत लिहिलेलं त्या वेळी त्याला कुठं माहीत होतं. सिजिलमासावाला सगळ्यात आधी कंटाळतो कारण त्याच्याकडं माल यायला फार वेळ लागतो, त्याला तगाझाच्या मिठाचा जोडधंदा द्या, वलातावाल्याला आठ ते दहा मिस्कालला विकायचं, मग तो जागा सोडत नाही.